आठवीच्या मुलांना वर्गात वाचायला साहित्य कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच आठवीला मराठी शिकवताय, अवांतर वाचनाला आठवड्यातून एक तास मिळालाय आणि चांगल्या पुस्तकांची यादी हवी आहे. मी सातारा जिल्ह्यात माणच्या दुष्काळी पट्ट्यात एकवीस वर्षं मराठी शिकवते. चार नावं खाली येतीलच, पण ती तुमच्या कामाची आहेत की नाहीत हे तुमच्या बाकांवर कोण बसलंय त्यावर ठरेल. म्हणून मी कशी निवडते ते सांगते.

सुरुवातीची काही वर्षं मला आवडलेलंच मी वर्गात नेत असे. कॉलेजात रात्र जागून वाचलेली एक कादंबरी मोठ्या हौसेनं नववीला वाचायला घेतली. तिसऱ्या तासाला मागची मुलं बाकावर डोकं टेकून झोपली होती आणि पुढची नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. कादंबरी थोरच आहे. पण तिच्यातलं दुःख शहरातल्या, वसतिगृहात राहणाऱ्या तरुणाचं. ते कुठून धरावं हेच माझ्या मुलांना समजेना.

तेव्हापासून मजकूर हातात घेतला की मी स्वतःला एक प्रश्न विचारते: यातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारं एखादं तरी पोर माझ्या वर्गात आहे का?

आमच्याकडे याचं सरळ उत्तर म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ सालची, आकारानं लहान, आणि माणदेशातलीच. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो, हळूहळू गावाचा होतो, सगळे मिळून तालीम बांधतात आणि मग दुष्काळ पडून गाव उठतं. एका वर्षी माझ्या वर्गात धनगराचा एक मुलगा होता. दिवाळीनंतर त्यांचं बिऱ्हाड मेंढरांमागं कोकणाकडं उतरायचं, त्यामुळे चार-चार महिने शाळेत नाही. आला तरी शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, गप्प. दुष्काळाचा भाग वाचून झाल्यावर मी विचारलं, "गाव उठून का गेलं?" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पाणी संपलं म्हणून." मागून आवाज आला, "पाणी मागनं संपतंय बाई. आधी चारा संपतोय."

सगळा वर्ग मागं वळला. मग तो सांगत गेला. पोटात काही नसलं की मेंढरू आधी कळपाच्या मागं पडतं, मग बसतं, आणि एकदा बसलं की उठवूनही उठत नाही. रात्री शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली की लेंड्यांच्या खताच्या बदल्यात धान्य कसं मिळतं, हेही त्यानंच सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. जाताना त्यानं पुस्तक घरी मागितलं. आठ दिवसांनी परत आणून दिलं तेव्हा म्हणाला, आजा रोज रात्री वाचून घ्यायचा.

आता तुमची शाळा कोळीवाड्याजवळ असेल, साखर कारखान्याच्या पट्ट्यात असेल किंवा पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये असेल, तर 'बनगरवाडी' पहिली घेऊ नका. नंतर जरूर घ्या. पहिलं पुस्तक असं हवं की कुणीतरी एकजण मध्येच तोंड उघडेल. एकदा वर्गाला एकमेकांचं ऐकायची सवय लागली, की मग लांबचं, अनोळखी, अवघड साहित्यही मुलं पेलतात.

पण या प्रश्नानं मला एकदा चुकवलंही, आणि ते सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, असं ती लिहिते. शाळकरी मुलीनं लिहिलेलं इतकं थेट गद्य मराठीत फार थोडं आहे, आणि आठवीच्या मुलांनी ते वाचायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. मी ते वाचून दाखवलं, आणि संपल्यावर माझी नजर आपोआप तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीकडे गेली. तिनं मान खाली घातली. माझ्या नजरेमागोमाग सगळ्या वर्गाची नजर तिच्याकडे गेली होती. त्या दिवशी ती पुन्हा एक शब्द बोलली नाही.

मेंढरांबद्दल सांगणं आणि स्वतःच्या जातीचा अपमान चारचौघांत उलगडणं, या दोन गोष्टी एका तागडीत घालायच्या नसतात, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आजही मी तो निबंध वाचते. आता मात्र आधी सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेबद्दल दोन तास बोलते, आणि वाचून झाल्यावर प्रश्न मुक्ताच्या लिहिण्याबद्दल विचारते. ती कुणाला उद्देशून लिहितेय? कुठं तिचा आवाज चढतो? ज्याला स्वतःचं सांगायचं असेल तो सांगतो. कुणाकडेही बघून थांबायचं नाही.

'श्यामची आई' तुमच्या डोक्यात असणारच. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि रात्रींमध्ये विभागली. एक रात्र म्हणजे एक पुरी गोष्ट, त्यामुळे एका तासात नीट बसते. संस्काराचं औषध म्हणून पाजलीत तर मुलं तोंड फिरवतील. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला शिपटीनं मारून विहिरीवर पाठवते, ती रात्र घ्या आणि एवढंच विचारा: आईचं बरोबर होतं का? आमच्याकडे यावर वर्गाचे दोन तट पडले आणि भांडण मधल्या सुट्टीपर्यंत चाललं. तात्पर्य मी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मात्र वाचायच्या आधी वर्गात आई नसलेलं मूल आहे का, याची चौकशी करा. असेल तर त्याच्याशी आधी एकटं बोला.

बहिणाबाईंच्या कवितेनं मला वेगळंच शिकवलं. "बाई, हे शुद्धलेखन चुकलंय का?" असं एका मुलानं विचारलं. खानदेशातली बोली आमच्या साताऱ्याच्या पोरांनी कधी ऐकलेली नव्हती. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपानं आली, हे सांगितल्यावर मुलं गप्प झाली. मग आम्ही घरी आजी बोलते ते दहा शब्द प्रत्येकाकडून लिहून आणले. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत न बसणारं काहीतरी वर्षातून दोनदा तरी वाचाच, नाहीतर आपल्या घरातली भाषा म्हणजे चूक असं मुलं धरून चालतात.

बाकीचं थोडक्यात. निवडलेला मजकूर घरी मोठ्यानं वाचून बघा. जिथं तुमची स्वतःची जीभ अडखळते, तिथं वर्ग सुटतो. पस्तीस मिनिटांच्या तासाला वीस मिनिटांचं वाचन पुरे, उरलेला वेळ मुलांचा. पुस्तकाची एकच प्रत असली तरी चालतं, तुम्ही वाचा. या तासावर स्वाध्याय, प्रश्नोत्तरं, गुण काहीही लावू नका, मुख्याध्यापकांनी वही मागितली तरी. आणि काहीच सुचेनासं झालं तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि त्यातल्या गोष्टी एका तासात मावतात.

पहिले दोन आठवडे तर मी म्हणेन काहीच निवडू नका. एकेका मुलाला विचारा की शाळा सुटल्यावर घरी तो काय करतो, आणि ते वहीत टिपून ठेवा. ती वही भरली की मला इथंच कळवा. कुणाचे वडील काय करतात, कोण कुठून आलंय, घरी कुठली बोली आहे, एवढं समजलं की मी तुम्हाला नावानिशी पुस्तकं सुचवते.