लेणं म्हणावं की गुहा?

कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटावर ‘फाउंटन कॅव्हर्न’ नावाची जागा आहे. आत कॅरिबियनच्या मूळ रहिवाशांनी, ताइनो लोकांनी, दगडात चेहरे कोरलेत. भाषांतर करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलंय : पूजास्थान आहे, कोरीव काम आहे, मग वेरूळसारखं ‘लेणं’ का म्हणू नये?

कारण लेणं कुणीतरी करवून घेतलेलं असतं. संस्कृत ‘लयन’, प्राकृत ‘लेण’. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सांगतो, ‘इदं लेणं कारितं, इमा च पोढियो’. लेणंही करवलं, पोढी म्हणजे पाण्याची टाकीही. डोंगर फोडून पोकळी काढली की ते लेणं. (अंगावर लेतात ते लेणं वेगळं, त्यात गल्लत नको.)

फाउंटनची पोकळी चुनखडीत पाण्याने घडवलेली. छतातल्या भोकातून शिडीने खाली उतरायचं, तळाशी गोड्या पाण्याची कुंडं. माणसाने केलं ते इतकंच, की आयत्या उभ्या असलेल्या खांबाला डोकं दिलं. तो योकाहू मानतात. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्या कसाव्याचा देव. पहिली माणसं गुहेतून बाहेर आली, सूर्यचंद्रही गुहेतूनच निघाले, अशी ताइनोंची कथा कोलंबसाच्या काळातच रामोन पाने या धर्मोपदेशकाने लिहून ठेवली. म्हणजे गुहा कुणी केलेली नाही, यातच तिचं पावित्र्य. ‘लेणं’ म्हटलं की नेमकं तेच पुसलं जातं. ‘गुहा’च लिही. वरून उतरायचं म्हणून ‘विवर’ही चालेल, पण मला त्यात देव दिसत नाही, उल्कापात दिसतो.

त्या खांबाला भूगोलाच्या पुस्तकातला ‘ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ’ लावू नको. वाचणाऱ्याला मिठाचा खांब वाटेल. ‘चुन्याचा खांब’ पुरे.

कोरलेल्या चेहऱ्यांना ‘कातळशिल्पं’? अर्थाने चूक नाही, पण आता तो शब्द ऐकला की रत्नागिरी-राजापूरचा उघडा, तापलेला जांभ्याचा सडा डोळ्यांपुढे येतो. इथे अंधार आणि ओल. ‘खोदचित्रं’ बरं. योगायोग असा, की दोन्ही जागांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली : हिचं 2012 साली, कोकणातल्यांचं 2022 साली. कोकणात सड्यावर जाऊन चित्रं बघता येतात. ही गुहा मात्र जपणुकीसाठी लोकांना बंद आहे.

आणि ‘ताइनो’तला इ ऱ्हस्व ठेव. ‘ताईनो’ लिहिलंस तर महिला मंडळातलं भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं. तशी ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही. ‘बटाटा’ तिचाच, पोर्तुगीजांनी आणून दिलेला. फक्त ताइनो ज्याला बटाटा म्हणत, ते आपलं रताळं.