हिच्या बायकांना हात नाहीत

“ताई, मी उत्तर द्यायलाच नको होतं का?”

हा प्रश्न घेऊन हल्ली महिन्याला एक-दोन जण तरी माझ्याकडे समुपदेशनाला येतात. कुणी रील करणारा, कुणी गाऊन टाकणारी, कुणी केकवर नक्षी काढून फोटो टाकणारी. कौतुकाचे शेकडो शब्द आलेले असतात, पण रुतून बसलेला असतो तो एकच, वाईट बोलणारा. अशांना मी एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

ती 27 वर्षांची, साताऱ्याकडची. पुण्यात खोली घेऊन राहायची आणि आयपॅडवर चित्रं काढायची. कष्टकरी बायकांची एक मालिका तिनं इन्स्टाग्रामवर टाकली होती. भाकरी थापणारी, एसटी स्टँडवर गजरे विकणारी, मासळीची पाटी घेऊन निघालेली, कांदे निवडणारी, अशी चाळीसेक चित्रं. लोकांनी ती डोक्यावर घेतली. त्यातूनच तिला एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मिळालं.

मग चित्रकलेतलं कळणाऱ्या एका अनोळखी माणसानं त्या मालिकेवर सविस्तर लिहिलं. रंग आवडले, काष्ट्याचा घोळ नेमका पकडलाय, चेहरे बोलके आहेत, असं सगळं. आणि शेवटी लिहिलं: “पण हिच्या बायकांना हात नाहीत. भाकरीवालीचे परातीच्या कडेआड, गजरेवालीचे टोपलीत, कोळणीचे पदराखाली. कामावरच्या बायका, आणि एकीचाही पुरता हात दिसत नाही.”

तिनं हे रात्री दीड वाजता वाचलं. सकाळपर्यंत तिनं 17 उत्तरं लिहिली होती. ही माझी शैली आहे, तुम्ही स्वतः काय काढलंय, पुरुषांना बायकांचे कष्ट काय कळणार. एवढ्यावर न थांबता त्याच्या लिखाणाचा स्क्रीनशॉट आपल्या स्टोरीला लावला. तिचे चाहते त्याच्यावर तुटून पडले. त्याची जुनी चित्रं उकरली, त्याच्या दिसण्यावर गेले. दुपारी त्यानं सगळं काढून टाकलं. मग दुसरी लाट आली, या वेळी तिच्यावर. “टीका झेपत नसेल तर काढू नकोस” इथपासून ते मी इथे लिहू शकत नाही अशा घाणीपर्यंत. चौथ्या दिवशी तिनं अकाउंट बंद केलं. त्यानंतर पाच आठवडे पेन हातात धरलं नाही. माझ्याकडे आली ती तेव्हा.

झोप, जेवण विचारलं. “जीव नकोसा वाटतो का?” हेही सरळ विचारलं. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसलं काही भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ती नाही म्हणाली. (कुणाचं उत्तर ‘हो’ असेल तर माझ्या वेळेची वाट पाहू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर दिवसरात्र फुकट बोलता येतं.)

पहिल्याच भेटीत मी चूक केली. म्हटलं, दोन आठवडे काही वाचू नकोस, मन शांत होऊ दे. तिनं इमानेइतबारे ऐकलं आणि दोन आठवड्यांनी तो पूर्ण मजकूर मला तोंडपाठ म्हणून दाखवला, स्वल्पविरामासकट. फोन बंद होता, डोक्यातलं पारायण चालूच होतं. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ ही म्हण आपण लोकांच्या तोंडावर फेकतो, पण म्हण करणाऱ्याला एकच शेजारी ठाऊक होता. इथे अख्खी आळी उशाशी झोपायला येते.

मग मी तिला सगळे शेरे कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून आणायला सांगितले, लिहिणाऱ्याचं नाव न घालता. 61 चिठ्ठ्या झाल्या. टेबलावर तीन ढीग करायचे होते: चित्राबद्दल, माझ्याबद्दल, आणि नुसती घाण. घाणीचा ढीग पटकन झाला. त्यावर मी चर्चाही करत नाही. उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे, धमकी किंवा अश्लील असेल तर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करायची. तिनं दोन तक्रारी केल्या.

हातांबद्दलची ती चिठ्ठी मात्र तिनं ‘माझ्याबद्दल’मध्ये टाकली.

“मोठ्यानं वाच,” म्हटलं. वाचली. “यात तुझ्याबद्दल काय आहे?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “मला हात येत नाहीत. इंटरमिजिएटच्या परीक्षेपासून येत नाहीत. मी लपवते.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही मुद्द्यावर आलो. 17 उत्तरं लिहिली, चाहत्यांना त्याच्या अंगावर सोडलं, मूर्खांशी दिवसभर भांडली, पण त्या एका वाक्याला तिनं कुठेच हात घातला नव्हता. आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर काय हवं होतं? रांगोळी काढणारी बाई. रांगोळीवालीचे हात कुठे लपवणार!

माझ्या अनुभवात रुतून बसणारी टीका बहुतेकदा अशीच असते. सपशेल खोटी टीका दोन दिवस जाळते आणि विझते. वाईट गोष्टीचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 2001 साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलं आहेच. पण 61 पैकी एकच चिठ्ठी का पाठ झाली, हे तेवढ्यानं कळत नाही. ती पाठ झाली कारण तिच्या आतलं कुणीतरी तेच आधीपासून म्हणत होतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मानसोपचाराची जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली, तिच्यात घटनेपेक्षा घटनेमागच्या हट्टाकडे बघतात. मराठीत हा हट्ट बहुधा एका अक्षरात सापडतो: ‘च’. तिचं वाक्य आम्ही फळ्यावर लिहिलं. “चांगल्या चित्रकाराला हात यायलाच हवेत, आणि मला येत नाहीत हे कुणाला कळताच कामा नये.” दोन्ही ‘च’ पुसून वाचायला लावलं. पहिला सहज गेला. दुसऱ्यापाशी ती रडली.

त्या दिवशी तिनं वडिलांचं सांगितलं. ते बोर्ड रंगवायचे, फ्लेक्स येईपर्यंत. गिऱ्हाईक मागे उभं राहून म्हणायचं, “पेंटर, ‘र’ वाकडा झालाय.” वडील मागे सरकून बघायचे, कधी “बरोबर आहे” म्हणून घासलेटच्या बोळ्यानं पुसायचे, कधी “नाही, तो तसाच असतो” म्हणून पुढचं अक्षर घ्यायचे. कपाळावर आठी नाही. मी विचारलं, रात्री दीडला घरी येऊन कुणी सांगितलं असतं तर? ती हसली. “ब्रश फेकून मारला असता.”

म्हणून उत्तर द्यावं की नाही, यापेक्षा कधी द्यावं हे मी आधी ठरवायला सांगते. रात्री तर नाहीच, आणि आपल्या लोकांना अंगावर सोडून तर मुळीच नाही.

तिचं उत्तर तीन आठवड्यांत तयार झालं. पहिला मसुदा चार पानांचा, तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शेवटचा दोन ओळींचा: “मी हात टाळते हे खरं आहे. माझ्या लोकांनी तुम्हाला जे लिहिलं ते मी थांबवायला हवं होतं, माफ करा.” तिनं तो त्या माणसाला पाठवला. त्यानं वाचला, उत्तर दिलं नाही. आजतागायत नाही. याचा तिला राग आला आणि मला तो रास्त वाटला. संपादकांना तिनं फोन करून पंधरा दिवस वाढवून घेतले.

शेवटच्या भेटीला ती साधी वही आणि पेन्सिल घेऊन आली. माझं बोलणं चालू असताना माझे हात काढत होती. निघताना पान पुढे केलं. “कसं आहे?”

बोटं छान होती. अंगठा मात्र फार वर, जवळजवळ तर्जनीतूनच फुटल्यासारखा. सांगावं की नाही, माझंच मन क्षणभर कचरलं.

“अंगठा चुकलाय,” मी म्हटलं.

तिनं पान वळवून माझ्या हाताशेजारी धरलं, खोडरबर काढलं आणि परत खुर्चीत बसली. “हात हलवू नका, ताई.”