ड्रमलाइनमध्ये मागे पडतोयस? आधी एवढंच कर

अरे टेन्शन नको घेऊस, ड्रमलाइनमध्ये, म्हणजे चालत वाजवणाऱ्या बँडच्या ड्रमवाल्यांत, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं, मी तर कित्येक दिवस डावा पाय कधी टाकायचा हेच विसरायचो. आधी स्पीडचा नाद सोड. मेट्रोनोम (टिकटिक करून ताल देणारं यंत्र) 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 ठोक्यांवर लाव, सरावाच्या रबरी पॅडवर आठ स्ट्रोक उजव्या हाताने, आठ डाव्या, आणि सोबत जागच्या जागी पाय चालू, कारण खरा घोळ हातात नसतोच, हात-पाय जुळवण्यात असतो. नवीन पोरं हमखास चुकतात ते:

- स्टिक आवळून धरणं. सैल धर, तिला उसळू दे
- दोन्ही स्टिकची उंची वेगळी, आरशात बघ
- वाजवताना अवघड जागा आली की ताल सोडून पळत सुटणं

लाइनमध्ये चुकलास तर पाय थांबवू नको, पुढच्या 'एक'वर, म्हणजे मोजणीच्या पहिल्या ठोक्यावर, परत घुस. फ्लॅम (दोन ठोके जवळजवळ एकदम), रोल (सलग झरझर ठोके) सध्या राहू दे.