शेजारची विहीर आणि आपला शोषखड्डा

या सदरात घरपट्टी, नळजोडणी, कचरागाडी असे विषय फिरून फिरून येतात. या खेपेला मात्र पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं संडासाच्या टाकीवर. पावसाळा तोंडावर आला की लोकांना टाकी आठवते, हे नगरपरिषदेत आरोग्य निरीक्षक असताना दरवर्षी पाहिलंय. त्यातली चार पत्रं घेतोय. उत्तरं जरा रोखठोक आहेत, सांभाळून घ्या.

वाटणीत दोन गुंठे जागा मिळाली. त्यात जुनी विहीर आहे आणि आम्ही तिचंच पाणी पितो. घर बांधायला काढलंय. कंत्राटदार म्हणतो, विहिरीपासून पंधरा फुटांवर टाकी घेऊ, पक्की बांधतो, काही होत नाही. ग्रामपंचायतीने नकाशा घेतला, पण टाकीचं काही विचारलं नाही. अंतर किती ठेवायचं?
– एक वाचक, चिपळूण तालुका

कंत्राटदार टाकीबद्दल बोलतोय आणि खरी भीती आहे शोषखड्ड्याची. टाकी चार बाजूंनी आणि तळाला नीट प्लास्टर करून बांधली तर ती पाणी धरून ठेवते. पण टाकीत मैला फक्त खाली बसतो आणि थोडाफार कुजतो. वरून निघणारं पाणी दिसायला जरा निवळ असलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. ते शोषखड्ड्यातून जमिनीत जातं आणि तिथून वाट मिळेल तिकडे. म्हणून अंतर मोजायचं ते शोषखड्ड्यापासून. संडासाच्या टाक्या कशा बांधायच्या ते ठरवणारं भारतीय मानक २४७० सांगतं की पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून निदान ६ मीटर. अठरा मीटर म्हणजे जवळपास साठ फूट. तुमचा कंत्राटदार पंधरा फूट म्हणतोय.

आता तुमची जागा बघू. दोन गुंठे म्हणजे साधारण २०० चौरस मीटर. जागा चौरस धरली तर बाजू १४ मीटर, आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तर २० मीटर. म्हणजे विहीर अगदी कोपऱ्यात असेल तरच समोरच्या टोकाला शोषखड्ड्याला कशीबशी जागा मिळते. विहीर मधोमध असेल तर मिळतच नाही. त्यात घरापासून सहा मीटर सोडायचे. आणि शेजाऱ्याची विहीर कुठे आहे ते पाहिलंत का? नियम ‘तुमच्या विहिरीपासून’ असं म्हणत नाही. पाण्याला सातबारा वाचता येत नाही.

कोकणात आणखी एक भानगड आहे, ती जांभ्याची. जांभ्याला भेगा असतात. मातीतून पाणी झिरपतं, भेगेतून ते धावतं. म्हणून जांभ्यात अठरा मीटर हा आकडा कमीत कमी धरा, निर्धास्त व्हायला पुरेसा धरू नका. शिवाय तुमच्याकडे आषाढ-श्रावणात विहिरीला कठड्यावरून वाकून कळशी बुडवता येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जमिनीखालचं पाणी इतकं वर आल्यावर शोषखड्डा शोषणार काय? पाणी पाण्यातच मिसळणार. भूजल जमिनीपासून सहा फुटांच्या आत येत असेल तिथे साधा शोषखड्डा घेऊच नये. आणि ही पातळी मे महिन्यात बघायची नसते. कंत्राटदार मात्र सगळे मे महिन्यातच बघायला येतात.

मग करायचं काय? पहिला रस्ता, उताराच्या खालच्या अंगाला भावाची किंवा चुलत्याची जागा असेल तर शोषखड्डा तिकडे न्या. संमती लेखी घ्या. भाऊबंदकीत तोंडी शब्द पुढच्या पिढीपर्यंत टिकत नाही. दुसरा रस्ता, विहिरीचं पाणी पिणं सोडा आणि नळाचं घ्या. हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण काही घरांना तेच करावं लागतं, आणि तरीही शेजाऱ्याच्या विहिरीचा प्रश्न उरतोच. तिसरा रस्ता, बाहेर पाइपच नसलेली बंद टाकी, म्हणजे मैला साठवायचा आणि गाडी बोलावून उपसायचा. याचा हिशेब आधी मांडा. फक्त संडासाचं पाणी, माणशी दिवसाला ३० लिटर धरलं तर चौघांचं १२० लिटर होतं. सहा हजार लिटरची टाकी पन्नास दिवसांत भरते. वर्षाला सात गाड्या. तालुक्यात मैला उपसणारी गाडी आहे का, ती तुमच्या पाणंदीतून आत येते का, आणि मैला नेऊन ओतते कुठे, ही तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय हा पर्याय घेऊ नका. गाडीवाला पुढच्या वळणावर ओढ्यात ओतणार असेल तर तुम्ही पैसे देऊन मैला गावात फिरवलात, एवढंच. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी या टाकीत सोडू नका. ते केळीला, अळूला जाऊ द्या.

ग्रामपंचायतीने विचारलं नाही म्हणता, तर तुम्हीच नकाशावर टाकी, शोषखड्डा आणि दोन्हीकडच्या विहिरी अंतरासकट दाखवा आणि पोच घ्या. उद्या शेजाऱ्याने तक्रार केली तर तो कागद कामाला येईल.

आमच्या सोसायटीची टाकी अठरा वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही, इतकी उत्तम बांधली आहे. आता नगरपरिषदेची गाडी ठरल्या वेळी येणार आणि त्यासाठी सगळ्यांकडून कर घेणार म्हणतात. आमची टाकी भरतच नाही तर आम्ही का भरायचा?
– सोसायटीचे अध्यक्ष, सातारा जिल्हा

अध्यक्षसाहेब, न भरणारी टाकी ही अभिमानाची गोष्ट नाही. तिला एक तर तळ नसेल किंवा तो फुटला असेल, नाहीतर गाळ वरच्या पाण्याबरोबर निघून गटारात जात असेल. पाच माणसांसाठी मानकातली टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाणी मीटरभर खोल इतकीच असते, आणि तीही दर वर्षा-दोन वर्षांनी साफ होणार हे धरून आखलेली. अठरा वर्षं चालणारी टाकी कुणी आखत नाही.

खात्री करायची असेल तर लांब काठीच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल दोन-अडीच फूट गुंडाळा, झाकण उघडून थोडा वेळ थांबा, बाहेर उभं राहूनच काठी तळापर्यंत सोडा, मिनिटभर ठेवा आणि सावकाश वर ओढा. टॉवेलवर काळा लेप चढेल तेवढा गाळ. वरची साय आणि खालचा गाळ मिळून निम्म्या खोलीच्या पुढे गेले असतील तर टाकी नावालाच टाकी आहे. उपसताना सगळं धुऊन काढायला सांगू नका. इंचभर गाळ मागे राहू द्या, नव्या मैल्याला विरजण लागतं. फिनेल ओतून तर मुळीच धुवू नका.

कराचं म्हणाल, तर तुमच्याच जिल्ह्यात वाईला आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नरला तीन वर्षांच्या फेऱ्यात घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत सुरू झाली. फोन आल्यावर गाडी पाठवायची नाही, वॉर्डावार ठरलेल्या क्रमाने जायचं, आणि मैला प्रक्रिया केंद्रावरच रिकामा करायचा. खर्च स्वच्छता करातून. माझं मत विचाराल तर ही पद्धत दंडाच्या नोटिसांपेक्षा शंभर पट शहाणी आहे. नोटीस दिली की लोक झाकणावर फरशी घालतात. हे मी सांगोवांगी लिहीत नाहीये. टाकी कुठे आहे विचारल्यावर ‘इथेच कुठेतरी, तुळशीखाली’ असं उत्तर मला मिळालेलं आहे. कर भरा आणि गाडी आली की झाकण उघडून द्या.

आमच्या चाळीची टाकी तुंबली आहे. बोळ अरुंद, गाडी आत येत नाही. एकजण माणसं उतरवून निम्म्या पैशांत करून देतो म्हणतो. ‘जबाबदारी माझी’ असं लिहूनही देतोय. द्यावं का काम?
– एक सेक्रेटरी, ठाणे जिल्हा

नाही. त्याच्या कागदाला कवडीची किंमत नाही.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. त्याच्या सातव्या कलमात फक्त नगरपालिका किंवा ठेकेदार नाही, ‘कोणतीही व्यक्ती’ आहे, आणि थेट किंवा आडून असे दोन्ही शब्द आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवला तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला पाच वर्षं आणि पाच लाख. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. काम सोसायटीने दिलं तर सोसायटी यात आली, सेक्रेटरीही आले. तोंडाला रुमाल आणि कमरेला दोरी याला संरक्षक साधन म्हणत नाहीत.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार गुदमरून गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की त्यांच्या पत्नींना प्रत्येकी दहा लाख आधी सरकारने द्यावेत आणि मग जबाबदार असतील त्यांच्याकडून वसूल करावेत. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई तीस लाखांवर नेली. तुमचा माणूस वाचवून देतोय ते पैसे या आकड्याशेजारी ठेवून बघा.

आणि हे मृत्यू होतात कसे तेही कळू द्या. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वरचा माणूस म्हणतो, ‘आता वास गेला, उतर.’ गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातम्यांमध्ये आकडा बहुधा दोन-तीनचा असतो तो यामुळे.

बोळ अरुंद असेल तर गाडी नाक्यावर उभी करून पाइप जोडत आत नेता येतो. गाडीवाल्याला फोनवरच बोळाची लांबी सांगा म्हणजे तो तेवढे तुकडे घेऊन येईल. लहान गाड्याही असतात. गाळ दगडासारखा बसला असेल तर आधी पाण्याच्या जोराने फोडून मग ओढतात. यंत्राने सफाई हवी असेल किंवा कुठे माणूस उतरवताना दिसला तर १४४२० हा राष्ट्रीय क्रमांक त्यासाठीच आहे. नगरपालिकेच्या आरोग्य विभागात लेखी मागणीही द्या. पैसे दुप्पट जातील. घरटी वाटून घ्या.

शेजाऱ्याच्या शोषखड्ड्याचं पाणी पावसाळाभर आमच्या अंगणात येतं. आमची जमीन काळी. तो म्हणतो, खड्डा नियमाप्रमाणेच आहे. ग्रामपंचायत म्हणते, आपसात मिटवा.
– एक वाचक, परभणी जिल्हा

शेजारी खरं बोलत असेलही. खड्डा मापात असेल, पण काळी माती भिजली की फुगते आणि वाटा बंद करते. बांधण्याआधी जमीन पाणी किती पिते ते बघायचं असतं. शोषखड्ड्याइतक्या खोलीवर वीतभर रुंद भोक घ्या, तळाला थोडी खडी टाका, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा इंच पाणी घाला आणि घड्याळ लावा. एक इंच उतरायला तासाहून जास्त लागत असेल तर त्या जमिनीत शोषखड्डा चालणार नाही, कितीही मोठा खणला तरी. तिथे सांडपाणी आधी खडीच्या गाळणीतून न्यावं लागतं. दोघांनी मिळून हे भोक घेतलंत तर भांडण निम्मं मिटेल.

नाहीच मिटलं, तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच ठेवा. उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे जा. त्याच्याही पुढे, सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी कार्यकारी दंडाधिकारी आदेश काढू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १५२ वं कलम, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. पण पाणी फक्त तुमच्याच अंगणात येत असेल तर तो सार्वजनिक उपद्रव ठरवणं अवघड जातं. रस्त्यावर किंवा हातपंपाजवळ येत असेल तर तेच अर्जात पहिल्या ओळीत लिहा, आणि तारखेसह फोटो जोडा. फोटो पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी काढा, नाहीतर समोरचा म्हणेल की हे पावसाचंच पाणी आहे.