युरोपियन युनियन एकच, मग पेन्शन आणि बेकारी भत्ता देशागणिक वेगळा का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, युरोपियन युनियन एक असताना पेन्शन, बेकारी भत्ता, किमान वेतन सगळीकडे सारखं का नाही? दुसरा, तुमचा भाऊ ब्लू कार्डवर (म्हणजे तिथे राहून नोकरी करायच्या परवान्यावर) जर्मनीत आखेनला रुजू होतोय, सीमेपलीकडे नेदरलँड्समध्ये भाडं कमी आहे असं त्याने ऐकलंय. तिकडे राहून जर्मनीत नोकरी केली तर पेन्शन-विम्याचे हप्ते कुठे कापले जाणार? दुसरा प्रश्न मी रोज जगतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी वाल्सला राहतो. हे नेदरलँड्सच्या कडेचं गाव. सकाळी मास्त्रिख्तहून येणारी ३५० नंबरची बस पकडली की थोड्याच वेळात आखेन. सीमा कधी ओलांडली ते कळत नाही, दुकानांच्या पाट्यांची भाषा बदलली की समजायचं जर्मनी आला. गावामागे वाल्सरबर्ग नावाची टेकडी आहे, तिथे नेदरलँड्स, जर्मनी आणि बेल्जियम एका दगडाशी मिळतात. उंची ३२२ मीटर, आणि युरोपातल्या नेदरलँड्सचं हे सर्वोच्च शिखर! मी साताऱ्याचा, मला अजून हसू येतं.

तर माझं घर नेदरलँड्समध्ये, नोकरी जर्मनीत, बायकोची नोकरी मास्त्रिख्तला, पोरं वाल्सच्या शाळेत. अशा घराचं काय करायचं हे ठरवणारा कायदा युरोपियन युनियनकडे आहे. २००४ चा ८८३ क्रमांकाचा नियम, जो १ मे २०१० पासून लागू झाला. त्याचा गाभा एवढाच: एका वेळी माणसाला एकाच देशाचा सामाजिक सुरक्षा कायदा (पेन्शन, आरोग्यविमा, बेकारी भत्ता वगैरे) लागू होणार, आणि साधारणपणे तो देश म्हणजे जिथे तो काम करतो तो. म्हणून माझ्या पगारातून जर्मन पेन्शनचा हप्ता जातो (एकूण १८.६ टक्के, निम्मा माझा, निम्मा कंपनीचा), आरोग्यविमाही जर्मन. जर्मन विमा संस्थेने मला एस-१ नावाचा फॉर्म दिला, तो मी इथल्या विमा संस्थेकडे नोंदवला, त्यामुळे ताप आला तर वाल्सचा फॅमिली डॉक्टर आणि दात दुखला तर आखेनचा डेंटिस्ट, दोन्ही चालतात. खर्चाचा हिशेब ते आपसात मिटवतात.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नेदरलँड्सची सरकारी वृद्धापकाळ पेन्शन नोकरीवर नाही, तिथे राहून विमाधारक म्हणून काढलेल्या वर्षांवर मिळते. दर वर्षाला दोन टक्के, पन्नास वर्षांत पूर्ण. मी इथे राहतोय, घरपट्टी भरतोय, कचऱ्याचे पैसे देतोय, पण जर्मनीत विमा असल्यामुळे माझी ती दोन टक्क्यांची पायरी २०२१ पासून थांबली आहे. बायकोची चालू आहे. एकाच छपराखाली दोघांची म्हातारपणाची खाती वेगवेगळ्या देशांत वाढताहेत.

बुडत मात्र काही नाही. जर्मन पेन्शनचा हक्क लागायला ६० महिने लागतात. समजा कोणी जर्मनीत तीनच वर्षं काम केलं आणि नेदरलँड्समध्ये दहा, तर हक्क ठरवताना दोन्हीकडची वर्षं जोडली जातात. पैसे मात्र प्रत्येक देश फक्त आपापल्या वर्षांपुरते देतो, आणि तेही आपापल्या निवृत्तीच्या वयाला. आमच्या शेजारचे आजोबा बावीस वर्षं आखेनमधल्या चॉकलेटच्या कारखान्यात होते, आधी नेदरलँड्समध्ये. त्यांच्या खात्यात दर महिन्याला दोन वेगवेगळ्या तारखांना दोन देशांची पेन्शन येते. जर्मनांची जमा झाली की ते बेकरीतून तांदळाचा फ्लाय आणतात, म्हणजे खिरीसारखं सारण भरलेला केकसारखा गोड पदार्थ. एक तुकडा आमच्याकडे येतो.

आता घरून काम. कोविडच्या काळात मी आठवड्यातून तीन दिवस वाल्सच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून काम करायचो आणि कोणी विचारत नव्हतं, कारण सगळ्या देशांनी तेवढ्यापुरती सवलत दिली होती. ती ३० जून २०२३ ला संपली. मूळ नियम असा की राहत्या देशात २५ टक्के किंवा जास्त काम केलंत, तर विमा राहत्या देशाचा लागतो. म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात एक दिवस घरून ठीक, दोन दिवस केले की कंपनीने नेदरलँड्सचे हप्ते भरायला लागायचे. मग १ जुलै २०२३ पासून काही देशांनी आपसात करार केला, त्यात जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम तिन्ही आहेत. आता घरचं काम ५० टक्क्यांच्या आत असेल तर अर्ज करून विमा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या देशातच ठेवता येतो. माझ्याकडे तसा ए-१ दाखला आहे, म्हणजे विमा कुठल्या देशाचा लागू आहे ते सांगणारा कागद. दोन दिवस चालतात, अडीच चालत नाहीत. त्यामुळे कुठला दिवस कुठून काम केलं याची वही ठेवतो, दूधवाल्याच्या हिशेबासारखी. आणि आयकर हे प्रकरण या नियमात नाहीच, त्याचे दोन-दोन देशांतले करार निराळे.

सगळ्यात डोकं फिरवलं ते मुलांच्या भत्त्याने. आईबाप दोन वेगळ्या देशांत नोकरीला असतील तर मुलं राहतात तो देश आधी देणार आणि दुसऱ्या देशाचा भत्ता जास्त असेल तर वरचा फरक तो दुसरा देश देणार. जर्मनीचा भत्ता जास्त, २०२५ मध्ये मुलामागे महिना २५५ युरो. नेदरलँड्सचा कमी, आणि तो तीन महिन्यांनी एकदा. म्हणून मी फरकासाठी अर्ज केला. अकरा महिने गेले. एक कार्यालय म्हणे दुसऱ्याकडून पत्र आणा, दुसरं म्हणे ते आम्हाला थेट विचारतील, तुम्ही मध्ये पडू नका. मधेच एक पत्र आलं: विवाहाच्या दाखल्यावरचं ‘सातारा’ हे कोणत्या देशात आहे? दाखल्यावर महाराष्ट्र शासनाचा शिक्का ढळढळीत होता. शेवटी सगळी रक्कम एकदम आली. नियम चांगला आहे, टेबलावरचा माणूस मात्र माणूसच असतो.

याच भत्त्यावरून ऑस्ट्रियाने एक उद्योग केला होता, तो सांगण्यासारखा आहे. तिथे म्हाताऱ्यांची घरी राहून शुश्रूषा करायला स्लोव्हाकिया, रोमानिया, हंगेरीतून बायका येतात, मुलं मागे गावी. जानेवारी २०१९ पासून ऑस्ट्रियाने ठरवलं की मूल ज्या देशात आहे तिथल्या महागाईप्रमाणे भत्ता द्यायचा. म्हणजे रोमानियातल्या मुलाला कमी. या बायका हप्ते आणि कर मात्र ऑस्ट्रियाच्या दराने भरत होत्या, त्यात कोणी रोमानियाचा दर लावला नाही. जून २०२२ मध्ये युरोपियन न्यायालयाने हा कायदा नियमबाह्य ठरवला. मला वाटतं न्यायालय बरोबर होतं: हप्ता घेताना माणूस आपला आणि भत्ता देताना परका, असं करता येणार नाही.

एक विचित्रपणाही सांगतो. उद्या माझी आखेनची नोकरी गेली, तर बेकारी भत्ता जर्मनी देणार नाही, नेदरलँड्स देणार, कारण पूर्ण बेकार झालेल्या सीमापार कामगाराने राहत्या देशाकडे जायचं असतं. हप्ते जर्मनीने घेतलेले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! जर्मनी नेदरलँड्सला फक्त पहिल्या तीन महिन्यांची भरपाई देतो, काही बाबतीत पाच. हे बदलायचा प्रस्ताव डिसेंबर २०१६ मध्ये आला आणि वर्षानुवर्षं रखडला, कारण ज्या देशात कामगार येतात आणि ज्या देशातून जातात त्यांचं बिल वेगवेगळं निघतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. एकच का नाही?

कारण युरोपियन युनियन हे एकत्र कुटुंब असलं तरी चुली सत्तावीस आहेत, आणि त्या चुली युनियनच्या कितीतरी आधीच्या. जर्मनीत तेव्हाचा चान्सलर बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांचा आजारविमा आणला, १८८९ मध्ये वृद्धापकाळाचा. तिथे सगळं नोकरी आणि हप्त्यावर बेतलेलं. डेन्मार्कमध्ये बराचसा भार करांवर. नेदरलँड्सची पेन्शन, वर सांगितलं तशी, १९५७ पासून राहण्यावर. ही यंत्रं एकमेकांत मिसळत नाहीत. आणि मिसळायची म्हटली तर जर्मन मतदाराचे पैसे बल्गेरियाच्या पेन्शनला, हे कुठलं सरकार निवडणुकीत सांगेल? म्हणून फक्त जोडणी केली, ती मात्र फार लवकर. १९५८ साली, युरोपियन आर्थिक समुदाय जन्मला त्याच वर्षी, स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा नियम क्रमांक ३ आला. त्या काळी बेल्जियमच्या कोळसा खाणींत इटालियन कामगार भरलेले होते. १९५६ च्या ऑगस्टमध्ये मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ माणसं गेली, त्यातली १३६ इटालियन. अशा घरांना कोण किती देणार हा प्रश्न तेव्हा कागदी नव्हता.

रोजगार धोरणाचं मात्र निराळं आहे, तिथे ब्रुसेल्स (म्हणजे युनियनचं मुख्यालय) सांगतं, बजावतं, पण हुकूम सोडत नाही. १९९७ मध्ये लक्झेंबर्गला नेते जमले आणि ठरलं की दरवर्षी प्रत्येक देशाने रोजगाराचा आराखडा मांडायचा आणि बाकीच्यांनी तो तपासायचा. २००० मध्ये लिस्बनला लक्ष्य ठेवलं: २०१० पर्यंत काम करायच्या वयातल्या ७० टक्के लोकांना रोजगार. हुकलं. मग २०२० साठी ७५, वयोगट २० ते ६४. तेही वेळेत झालं नाही. २०२१ मध्ये पोर्तोला २०३० साठी ७८ ठरलं. २०२४ मध्ये आकडा ७५.८ वर होता. लक्ष्य चुकलं म्हणून कोणाला दंड होत नाही. दरवर्षी देशनिहाय शिफारशींचा कागद येतो, पाळणाघरं वाढवा, निवृत्तीचं वय बघा वगैरे, आणि तिथला विरोधी पक्ष तो संसदेत फडकवतो. मी आधी याला कागदी घोडे म्हणायचो. हल्ली तितकं नाही म्हणत, कारण शेजाऱ्याचे मार्क दरवर्षी जाहीर लागले की अभ्यास थोडा होतोच.

कोविडमध्येसुद्धा हेच दिसलं. कामगारांना न काढता कमी तासांवर ठेवायच्या योजनांसाठी युनियनने १०० अब्ज युरोपर्यंत कर्जाची सोय केली आणि बाजारातून पैसे उभे केले. पण कर्जच, आणि योजना ज्याची त्याने चालवायची.

किमान वेतनाचा वाद तर पुरा कोर्टात गेला. २०२५ च्या सुरुवातीला लक्झेंबर्गमध्ये महिन्याचं किमान वेतन २६३८ युरो होतं, बल्गेरियात ५५१. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रिया आणि इटलीत कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच नाही, तिथे ते संघटनांच्या करारांतून ठरतं. किमान वेतनावरचा युनियनचा २०२२ चा निर्देश (देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम) रक्कम ठरवत नाही. किमान वेतन पुरेसं आहे का ते मध्यम वेतनाच्या (निम्म्या कामगारांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतं त्या वेतनाच्या) ६० टक्के अशा पट्टीने बघा, आणि सामूहिक करारांखाली ८० टक्के कामगार नसतील तर योजना करा, एवढंच सांगतो. तरी डेन्मार्क न्यायालयात गेला, कारण युनियनच्या मूळ करारात वेतन हा विषय तिच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. कमी वेतन म्हणून नव्हे, आमच्या संघटना ठरवतात त्यात ब्रुसेल्स नको म्हणून! नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने निर्देशाचा बराचसा भाग टिकवला आणि दोन तरतुदी काढल्या.

आता तुमच्या भावाचं. वरचं सगळं गणित त्याला लागू पडायच्या आधी एक अडचण आहे. सामाजिक सुरक्षेचे हे नियम २०१० च्या एका नियमाने बिगर-युरोपीय नागरिकांनाही लागू केले आहेत (डेन्मार्क सोडून), पण ते कायदेशीर वास्तव्य असेल तरच. हवं तिथे राहण्याची मुभा त्यातून मिळत नाही. जर्मन ब्लू कार्ड म्हणजे जर्मनीत राहण्याचा परवाना. वाल्सला घर घ्यायचं तर नेदरलँड्सचा स्वतंत्र निवास परवाना लागेल, आणि नोकरी जर्मनीत आहे एवढ्या कारणावर तो मिळत नाही. मी राहतो कारण मी इथे आधी पुण्याच्या कंपनीतर्फे आलो, मग इथली नोकरी धरली, आणि २०१९ मध्ये भारताचा पासपोर्ट परत करून इथला घेतला. भाड्यात वाचणाऱ्या पैशांसाठी ब्लू कार्ड धोक्यात घातलं तर तेलही जाईल आणि तूपही.

त्याने आखेनमध्येच घर बघावं, सीमेवरची मिळाली नाहीत तर जवळच्या एशवायलर गावाकडे. आणि एक विचारून घ्या: त्याला जर्मन कंपनी नेमतेय की भारतातली कंपनी पाठवतेय? पाठवत असेल तर भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार आहे, मे २०१७ पासून लागू. पीएफ कार्यालयाचा कव्हरेज दाखला (माणूस भारताच्या पीएफखाली आहे असा) घेतला की त्या मुदतीत जर्मन पेन्शनचा हप्ता कापत नाहीत, पीएफ चालू राहतो. मी आलो तेव्हा नेदरलँड्सच्या तशाच करारातला दाखला घेऊन आलो होतो. विमानात बसायच्या आधी घ्या, इथून तो मिळवताना माझ्या एका मित्राला चार महिने रोज पुण्याला फोन लावावा लागला होता.