शेवट माहीत असतो, तरी वाचतोच की!

या वेळी रोमान्स कादंबऱ्यांवर इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकाला ठेवले, सॉरी.

प्रश्न: ताई, मी बँकेतून रिटायर झाले, दुपारी निवांत वाचते. कॉलेजपासून मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकथा आवडतात, आता मोबाईलवर मराठी कथामालिका पण वाचते. आमच्या ह्यांचं म्हणणं, एक वाचलं की सगळी वाचली, शेवटी दोघं एकत्र येणारच. काय सांगू त्यांना? – एक वाचक, कोथरूड

काकू, शेवट ठरलेला असतो हे काकांचं खरंच आहे, त्यावर भांडूच नका. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं तर व्याख्याच तशी केलीये, गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा, बास. पण ह्या दोन अटी सोडल्या तर बाकी सगळं मोकळं रान आहे, कोण, कुठं, कुठल्या काळात, कितव्या वयात, आणि मुख्य म्हणजे दोघांचं अडतं कशावर. मी प्रत्येक कादंबरी हाच प्रश्न घेऊन वाचते, की ह्यांचं अडलंय कशावर?

जेन ऑस्टिनची प्राइड अँड प्रेज्युडिस घ्या, १८१३ ची. वरवर बघता गैरसमजाची गोष्ट, पण खरं तर पैशाची आहे हो. बेनेटांना पाच मुली, आणि वडिलांच्या मागं सगळी इस्टेट जाणार नात्यातल्या कॉलिन्सकडं, कारण ती पुरुष वारसालाच मिळायची. अशात तो कॉलिन्स स्वतः मागणी घालतो तर एलिझाबेथ नाही म्हणते, आणि पुढं वर्षाला दहा हजार पौंडवाला डार्सी विचारतो तर पहिल्यांदा त्यालाही नाहीच. लग्नाच्या पाच मुली घरात असलेल्या कुठल्याही आईला विचारा, ह्या दोन नकारांची किंमत काय ते लगेच सांगेल. मग १८४७ ची जेन आयर, तिथं ऐन लग्नाच्या वेळी कळतं की नवऱ्यामुलाची पहिली बायको जिवंत आहे आणि त्याच घरात वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे, तर जेन त्याच्यावर जीव असूनही निघून जाते आणि परत येते ती स्वतःच्या हक्काचे पैसे हातात आल्यावर. आणि आउटलँडर (१९९१) मध्ये नायिका दुसऱ्या महायुद्धातली नर्स, जाऊन पडते अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडात, इकडं नवरा आहेच, म्हणजे अडतं ते चक्क दोनशे वर्षांवर. ह्या तिन्ही एकसारख्या कशा म्हणायच्या?

आता आपल्याकडचं सांगते, मला ते जास्त जवळचं वाटतं. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती १८५७ ची यमुनापर्यटन, बाबा पदमनजींची, विधवांच्या हालांवरची, म्हणजे आपल्या कादंबरीची सुरुवातच ह्यावर झाली की बाईला दुसऱ्यांदा संसार करायची मुभा आहे की नाही. नंतर ना. सी. फडक्यांनी प्रेमकथा घरोघर नेली, मग कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे ह्यांच्या कादंबऱ्या लायब्ररीतून आणून बायकांनी वाचल्या, आणि त्यांना समीक्षकांनी फार मोजलं नाही ह्याचा मला अजून राग आहे.

आणि एक प्रकार तर आपल्याकडं जितका मुरलाय तितका दुसरीकडं क्वचितच सापडेल, तो म्हणजे लग्न आधी आणि प्रेम नंतर. कांदेपोहे होतात, दोन महिन्यांत लग्न, आणि अजून धड ओळख नसलेली दोन माणसं दोन खोल्यांच्या घरात येतात, पलीकडं सासू जागी, दाराला कडी लावायची पण चोरी. त्यात तो तिच्यासाठी ऑफिसातून येताना गजरा आणतो आणि खिशातच ठेवून देतो कारण हॉलमध्ये सगळे बसलेत. इंग्रजीत पण सोयीसाठी केलेल्या लग्नाच्या कथांचा मोठा कप्पा आहे, रीजन्सी काळातल्या, म्हणजे ऑस्टिनच्या वेळच्या इंग्लंडात घडणाऱ्या कादंबऱ्यांमध्ये तर भरपूर, पण तिथं त्या दोघांना बहुतेक वेळा मोठा वाडा आणि वेगवेगळ्या खोल्या असतात हो! आपल्याकडं अडतं ते जागेवर, नात्यांवर, कोण काय म्हणेल ह्यावर, आणि तरी त्यात प्रेम होतं. काकांना अशी एखादी कथामालिका वाचून दाखवा, पाच भाग झाले की सहावा ते स्वतः मागतील.

प्रश्न: रणांगण वाचून दोन दिवस काही सुचत नव्हतं. मैत्रीण म्हणते ही रोमान्स कादंबरी नाहीच. मग काय आहे ती? – एस. वाय. बी. ए.ची विद्यार्थिनी, डेक्कन

अगं, व्याख्येच्या हिशोबानं मैत्रीण बरोबर आहे, पण प्रेमकथा म्हणशील तर मराठीत तिच्या तोडीच्या फार थोड्या. विश्राम बेडेकरांनी ती १९३९ साली लिहिली, म्हणजे युद्धाला तोंड फुटत होतं त्याच वर्षी. युरोपातून निघालेली बोट, त्यावर आपला चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा, आणि हातात फक्त प्रवासाचे दिवस. आता अडतंय कशावर बघ, तर हिटलरवर. रोमान्समध्ये जे काही आडवं येतं ते शेवटी त्या दोघांना हटवता येतं, कोणी माफी मागतं, कोणी अहंकार सोडतं, कोणी घरच्यांसमोर उभं राहतं. इथं दोघांनी काहीही केलं तरी ते हटणारं नाहीये, म्हणून तुला दोन दिवस सुचलं नाही. ती चांगली की रोमान्स चांगला असं करू नकोस मात्र, दोन्ही लागतात.

आता पु. शि. रेग्यांची सावित्री वाच. सगळी पत्रंच आहेत, तीही फक्त तिची, त्याची उत्तरं आपल्याला दिसतच नाहीत, आणि तरी तो माणूस आपल्याला कळत जातो. छोटीशी आहे, एका बैठकीत होते.

प्रश्न: माझी सोळा वर्षांची मुलगी रात्री फोनवर लव्हस्टोऱ्या वाचते. एकदा डोकावलं तर नको नको ते होतं. फोन काढून घेऊ का? – एक आई, सिंहगड रोड

नका घेऊ, दुसऱ्या कोणाच्या फोनवर वाचेल. अश्लीलतेची भीती नवी नाही, चंद्रकांत काकोडकरांची श्यामा १९६२ च्या रंभा दिवाळी अंकात आली तर खटला झाला, हायकोर्टानं दोषी धरलं आणि शेवटी १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडलं. मला काळजी वेगळीच वाटते. नायक तिचा फोन तपासतो, ती कोणाशी बोलली की हात पिरगाळतो, ती नाही म्हणते तरी ऐकत नाही आणि पुढच्या भागात हेच प्रेम म्हणून येतं, ते बघा. इंग्रजीतही हा रोग होता, १९७२ ची द फ्लेम अँड द फ्लॉवर प्रचंड खपली आणि तिच्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बलात्कार करतो, नंतर वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या बायकांनीच ह्यावर आवाज उठवला, आता तिचा होकार नीट लिहिणाऱ्या कादंबऱ्या कितीतरी मिळतात. तेव्हा तिच्याबरोबर एक कथा तुम्ही पण वाचा आणि सरळ विचारा, हा मुलगा तुझ्या वर्गात असता तर तुला आवडला असता का? चिडणार ती, पण विचार करेल.

प्रश्न: मी २४ वर्षांचा मुलगा, मला मुलं आवडतात. माझ्यासारख्यांची प्रेमकथा मराठीत आहे का? आणि सुखाचा शेवट असलेली? – विमाननगर

सचिन कुंडलकरांची कोबाल्ट ब्लू वाच (२००६), भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात, आधी भाऊ सांगतो मग बहीण. सुंदर आहे, पण दुखते.

सुखाच्या शेवटासाठी ई. एम. फॉर्स्टरची मॉरिस. त्यानं ती १९१३-१४ मध्ये लिहिली आणि दोघांना शेवटी एकत्र ठेवायचंच हा त्याचा हट्ट होता, पण इंग्लंडमध्ये तेव्हा असं प्रेम गुन्हा होतं, म्हणून ती छापली गेली १९७१ ला, तो गेल्यानंतर. हलकंफुलकं हवं असेल तर रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू (२०१९), अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष बाईंचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र, आधी भांडणं मग प्रेम, खूप हसशील. पण दोन मुलगे कर्वेनगरात भाड्यानं फ्लॅट शोधतायत, मालक प्रश्न विचारतायत, एकाची आई डबा घेऊन येते आणि शेवटी सगळं नीट होतं, अशी मराठी कादंबरी मला वाचायचीये रे. आपल्याकडं २०१८ ला सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा नाही म्हटलं, आता लिहायला काय हरकत आहे? तू लिहितोस का? लिहिलंस तर मला नक्की पाठव.

प्रश्न: नायिका कायम विशीतलीच का? आमच्या वयाचं काही सांगा. – वय ६६, नारायण पेठ

मार्केसची लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा (१९८५), त्यात तो तिच्यासाठी पन्नास वर्षांहून जास्त थांबतो आणि म्हातारपणी दोघं बोटीवर एकत्र येतात. नायक काही धुतल्या तांदळाचा नाही, ते आधीच सांगते. थोडं तरुण चालणार असेल तर ऑस्टिनची पर्स्युएजन, आठ वर्षांपूर्वी घरच्यांचं ऐकून मोडलेलं लग्न आणि सत्ताविशीतली, त्या काळी वय उलटलेली नायिका. तुमच्याच पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे, तिथं अनुवाद मिळतात का विचारून बघा, नाहीतर अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत.