जपानी क्रियापद गट १ मधलं की गट २ मधलं, हे कसं ओळखायचं?

जपानी क्रियापदांचे, रूपं कशी बदलतात त्यावरून, तीन गट पडतात. ‘रु’ने संपणारी क्रियापदं गट २ ची, तर मग काएरु (घरी परतणे) गट १ मध्ये कसं, असं तुम्ही विचारलंय. तो नियम अर्धाच आहे. ‘रु’च्या आधी इ किंवा ए हा स्वर असेल तरच गट २ ची शक्यता. वाकारु, त्सुकुरु, नोरु यांत आधी आ, उ, ओ येतात. ही बिनधास्त गट १ मध्ये टाका (सुरु आणि कुरु सोडून, ती पुढे). कु, सु, मु, बु अशांनी संपणारीही तिथेच. डोकेदुखी फक्त इरु-एरुवाल्यांची.

त्यांच्यासाठी मी डिक्शनरी फॉर्म (शब्दकोशातलं मूळ रूप) आणि मास फॉर्म (‘मास’ने संपणारं सभ्य बोलण्यातलं रूप) शेजारी-शेजारी लिहितो. ताबेरु (खाणे), ताबेमास: रु गळला, गट २. काएरु, काएरिमास: रुचा रि झाला, गट १. हाइरु, हाशिरु, शिरु, शाबेरु हीसुद्धा काएरुच्याच पंगतीतली. नुसत्या मास फॉर्मवर मात्र विसंबू नका. ओकिमास आणि काकिमास सारखेच दिसतात, पण पहिलं ओकिरु (उठणे), गट २. दुसरं काकु (लिहिणे), गट १. बऱ्याच क्लासमध्ये सुरुवातीला फक्त मास फॉर्म घोकून घेतात, ते मला पटत नाही. नवं क्रियापद आलं की जोडीच पाठ करा. किरु दोन आहेत: कापणे (किरिमास, गट १) आणि अंगात घालणे (किमास, गट २). जोडी माहीत असेल तर गोंधळ होत नाही.

गट १ हा आपल्याला खरं तर सोपा जायला हवा, कारण ती बाराखडीच आहे. काकानाइ (लिहीत नाही), काकिमास, काकु, काकेबा (लिहिलं तर), काकोऽ (लिहूया): क तोच, स्वर बदलतो. पाच स्वर म्हणून जपानीत याला ‘गोदान’ म्हणतात, म्हणजे पाच पायऱ्या. आ-का-सा-ता-ना हा त्यांचा वर्णक्रमही भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आलाय. एकच खोड: काउ (विकत घेणे) याचं काआनाइ होत नाही, कावानाइ होतं.

गट ३ मध्ये सुरु (करणे) आणि कुरु (येणे) दोनच. शिमास-शिनाइ, किमास-कोनाइ; सरळ पाठ करा.

‘ते’ फॉर्म (‘खाऊन’सारखं, पुढच्या क्रियापदाला जोडणारं रूप) सुरू व्हायच्या आत हे पक्कं करा. तिथे गट २ ला नुसता ‘ते’ लागतो, ताबेते. गट १ मध्ये मु-बु-नुचं न्दे, उ-त्सु-रुचं त्ते, सुचं शिते, कुचं इते, गुचं इदे. आणि इकु (जाणे) मात्र इत्ते.